पेम्फिगस आणि गोळी कमी करण्याचा काळ

पत्र : मी तासगाव तालुक्यातील ४४ वर्षांची गृहिणी असून आमची द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी जवळजवळ पाच महिने माझे तोंड येत होते. उष्णता म्हणून गुलकंद, सब्जा आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या. पुढे छातीवर आणि पाठीवर पाण्याचे फोड उठले, तेव्हा नागीण समजून घरच्यांनी काव लावली. शेवटी मिरजेतील त्वचारोगतज्ज्ञांनी तुकडा तपासून ‘पेम्फिगस व्हल्गॅरिस’ असल्याचे सांगितले आणि रोज ५० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले. सात आठवड्यांत फोड वाळले, पण चेहरा सुजून गोल झाला आणि साखर वाढली, म्हणून मी स्वतःच गोळ्या बंद केल्या. चार-पाच दिवसांत गळून गेले, उलट्या होऊ लागल्या आणि बाराव्या दिवशी पुन्हा फोड आले. दवाखान्यात दाखल व्हावे लागले. आता गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर रिटुक्सिमॅबचे इंजेक्शन घ्या म्हणतात, पण ते कॅन्सरचे आहे असे ऐकले. माझ्या चुलत सासूबाई ७८व्या वर्षी अशाच फोडांनी वर्षभरात गेल्या. हा आजार कधी जातो का? मी किती दिवसांची सोबती? फवारणीमुळे झाला का? १९ वर्षांच्या मुलीला होईल का? जाऊबाई माझे ताट वेगळे ठेवतात. पुढच्या महिन्यात भाचीच्या बाळाचे बारसे आहे, जावे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. पत्रातील सर्वांत कठीण प्रश्न तुम्ही मध्येच, जाता जाता विचारल्यासारखा विचारला आहे. त्याचेच उत्तर आधी देतो. तुम्ही थोड्या दिवसांच्या सोबती नाही. स्टेरॉइड औषधे येण्यापूर्वी, म्हणजे १९५०च्या सुमारापर्यंत, पेम्फिगस झालेले बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आत दगावत, आणि तुमच्या कानावर आलेल्या पुष्कळ कथांचे मूळ त्या काळात आहे. आज नियमित उपचार घेणाऱ्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जण या आजारात किंवा त्याच्या उपचारात दगावतात, आणि त्यातही मृत्यूचे सर्वांत मोठे कारण जंतुसंसर्ग हे असते. उघड्या जखमेतून शिरणारे जंतू आणि औषधांनी मंदावलेली प्रतिकारशक्ती अशी ही दुहेरी अडचण असल्यामुळे फोडांइतकेच तापाकडेही लक्ष ठेवावे लागते. तुमचे वय चाळिशीतले आहे, निदान पक्के झालेले आहे आणि पहिल्याच औषधाला त्वचेने चांगली दाद दिली आहे. या तिन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत.

आता चुलत सासूबाईंविषयी. त्यांचे कागद माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे ठामपणे काही सांगणार नाही. परंतु अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सुरू झालेले फोड ऐकले की त्वचारोगतज्ज्ञाच्या मनात प्रथम ‘बुलस पेम्फिगॉइड’ हे नाव येते. नावे सख्ख्या बहिणींसारखी असली तरी हे दोन वेगळे आजार आहेत आणि ते वेगळे असल्याचे वॉल्टर लिव्हर यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले. पेम्फिगॉइड बहुधा साठी-सत्तरीनंतर होतो, त्यात फोड येण्यापूर्वी कित्येक आठवडे विलक्षण खाज सुटते, फोड टणक आणि ताणलेले असतात आणि तोंड फारसे येत नाही. तो काही वर्षांत पुष्कळदा आपोआप निवतो, मात्र वय, अर्धांगवायू किंवा कंपवात यांसारखे सोबतचे आजार आणि जड औषधे यांमुळे पहिले वर्ष वृद्धांना अवघड जाते. तुमच्या आजारात फोड मऊ, लुळे आणि लगेच फुटणारे असतात आणि सुरुवात बहुधा तोंडातूनच होते. सासूबाईंच्या वर्षभरावरून तुमची वर्षे मोजू नका.

आपल्या त्वचेच्या वरच्या थरातील पेशी एकमेकींना धरून असतात आणि त्या धरणाऱ्या दुव्यांमध्ये डेस्मोग्लीन नावाची प्रथिने असतात. विटा जागच्या जागी असाव्यात आणि मधला चुनाच कोणी खरवडून काढावा, तसे या आजारात होते: शरीर स्वतःच्याच डेस्मोग्लीनविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार करते, पेशी सुट्या होतात आणि मध्ये पाणी साठून फोड बनतो. तोंडाच्या आतील नाजूक अस्तर मुख्यतः तिसऱ्या क्रमांकाच्या डेस्मोग्लीनवर टिकून असते, म्हणून त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे आधी तयार झाली की प्रथम तोंड येते. पुढे पहिल्या क्रमांकाच्या डेस्मोग्लीनवरही हल्ला सुरू झाला की अंगावर फोड उठतात. तुमचे पाच महिने असे गेले. त्या काळात तुम्हाला बी-कॉम्प्लेक्सच्या पलीकडे कोणी काही सुचवले नाही, याचा दोष तुमच्याकडे येत नाही, तो आमच्या व्यवसायाकडे येतो. तीन आठवड्यांत न भरणारे तोंड त्वचेच्या किंवा दातांच्या डॉक्टरांनी नीट पाहिलेच पाहिजे, मग ते उष्णतेचे असो वा नसो. आणि नागीण, जी कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होते, ती बहुधा शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. छाती-पाठीवर दोन्ही बाजूंना पसरलेल्या फोडांवर काव लावून फक्त वेळ जातो आणि उघड्या जखमेत माती जाते.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे उत्तर एवढे लांबवावे लागत आहे, तिच्याकडे येतो. गोळ्या बंद केल्यावर तुम्हाला जे झाले ते एक नव्हते, दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी झाल्या होत्या, आणि त्या वेगळ्या समजून घेतल्याशिवाय पुढच्या दोन-तीन वर्षांचा मार्ग नीट दिसणार नाही.

पहिली गोष्ट फोडांची. फोड वाळले तेव्हा तुम्हाला वाटले की आजार संपला. प्रत्यक्षात स्टेरॉइडने फक्त हल्ला थोपवून धरला होता. रक्तात आधीच तयार असलेली ही प्रतिपिंडे निम्मी व्हायलाच साधारण तीन आठवडे लागतात, आणि ती तयार करणाऱ्या पेशी तर शरीरात तशाच असतात. म्हणून आम्ही उपचाराचे टप्पे मोजताना फोड थांबणे हा शेवट धरत नाही. नवे फोड येणे थांबले की आजार ताब्यात येऊ लागला असे म्हणतो. त्यानंतर किमान दोन आठवडे एकही नवा फोड आला नाही आणि जुन्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के भरून आले, की मगच मात्रा उतरवायला सुरुवात करतो. तुम्ही त्याच ठिकाणी पोहोचला होता. जिथून उतार सुरू व्हायचा तिथून तुम्ही उडी मारली.

दुसरी गोष्ट त्या गळाठ्याची आणि उलट्यांची. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रोज थोडे स्टेरॉइड स्वतः तयार करतात. बाहेरून गोळ्या मिळू लागल्या की त्या ग्रंथी आपले काम कमी करत जातात, आणि सात आठवड्यांनंतर गोळी एकदम थांबली तर त्यांना लगेच जागे होता येत नाही. अंगातले बळ जाणे, चक्कर, उलट्या, रक्तदाब उतरणे ही त्याची लक्षणे आहेत आणि अशा अवस्थेत एखादा मोठा ताप आला किंवा शस्त्रक्रिया करावी लागली तर जिवावर बेतू शकते. म्हणून यापुढे दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे, अगदी दात काढायला गेलात तरी, ‘मी प्रेडनिसोलोन घेते’ हे पहिले वाक्य असू द्या आणि तेवढे लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये ठेवा. एखाद्या दिवशी उलटीमुळे गोळी पोटात राहिलीच नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मात्रा साधारणतः अशी उतरते: सुरुवातीला दर एक-दोन आठवड्यांनी ५ ते १० मिलिग्रॅम, आणि २० मिलिग्रॅमच्या खाली आल्यावर त्याहून बरीच सावकाश. नेमका आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील. या उतारावर मध्येच एखादा फोड उठला, तर घाबरून लगेच जास्त गोळ्या घेऊ नका आणि ‘औषध चालत नाही’ असेही ठरवू नका. एक-दोन फोड येऊन आठवडाभरात आपोआप भरले, तर ती आजाराची कुरकुर असते. महिन्याभरात तीन किंवा अधिक नवे फोड आले आणि ते आठवड्यात भरले नाहीत, किंवा भरत आलेल्या जखमा पुन्हा पसरू लागल्या, तर आजार उलटला असे जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ मानतात. एका साध्या वहीत तारीख, गोळीची मात्रा आणि नव्या फोडांची संख्या लिहीत गेलात, तर तपासणीच्या वेळी तुमच्या दहा मिनिटांच्या सांगण्यापेक्षा त्या वहीची दोन पाने डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतील.

चेहऱ्याची सूज आणि साखर यांबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे आणि ती क्षुल्लक मानू नये. चेहऱ्याचा गोलपणा मात्रा खाली आली की काही महिन्यांत ओसरतो. साखर, रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा आणि डोळ्यांतला मोतीबिंदू यांवर मात्र आपणहून पहारा ठेवावा लागतो. गोळी सकाळी पोटभर न्याहारीनंतर घ्या, लोणचे-पापड आणि वरून घेतलेले मीठ आवरा, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व लिहून दिले असेल तर ते चुकवू नका. घरात किंवा शेजारी कोणाला क्षयरोग झाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण स्टेरॉइडखाली दबलेला क्षय डोके वर काढू शकतो. आणि १०० अंशांच्या वर ताप, जखमेतून पू किंवा दुर्गंधी, अथवा गिळता न येणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्टेरॉइड चालू असताना मोठा संसर्गही फारसा ताप न दाखवता वाढू शकतो.

ज्या स्टेरॉइडचा तुम्हाला इतका त्रास झाला, ते लवकर कमी करता यावे म्हणूनच डॉक्टर रिटुक्सिमॅब सुचवत आहेत. ते कॅन्सरचे इंजेक्शन आहे हे खरे आहे, आणि तरीही तुमची भीती अनाठायी आहे. हे औषध बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींना नष्ट करते. त्या पेशींच्या कॅन्सरमध्ये ते वापरतात आणि तुमच्या आजारात प्रतिपिंडांचा कारखाना याच पेशींतून उभा राहतो, म्हणून ते इथेही लागू पडते. केस गळणे, तोंड सोलणे असा जो केमोथेरपीचा अनुभव लोकांच्या मनात असतो, तो या औषधाचा नव्हे. फ्रान्समध्ये ९० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रिटुक्सिमॅबबरोबर थोड्या काळासाठी स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी कोणत्याही औषधाविना फोडमुक्त होते, तर केवळ स्टेरॉइड घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ३४ टक्के होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी पेम्फिगससाठी त्याला मान्यता दिली. बहुधा एक ग्रॅमच्या दोन मात्रा पंधरा दिवसांच्या अंतराने सलाइनमधून संथपणे देतात. गुण लगेच येत नाही, काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात, आणि तेवढा काळ प्रेडनिसोलोनचाच आधार असतो. त्यामुळे इंजेक्शन घेतले म्हणून गोळ्या सोडण्याची चूक पुन्हा करू नका.

इंजेक्शन घेण्यापूर्वी हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी झालीच पाहिजे, कारण दबून असलेली ती कावीळ या औषधाने उसळू शकते. कोणत्या लसी घ्यायच्या हेही आधीच विचारा, नंतर त्यांचा उपयोग कमी होतो. सहा ते बारा महिन्यांत बी-पेशी परत येऊ लागतात आणि काहींचा आजारही त्यांच्याबरोबर परततो, तेव्हा पुन्हा मात्रा द्यावी लागते. खर्चाची गोष्ट तुम्ही लिहिली नाही, परंतु ती मनात असणारच. २००७ पासून हे औषध भारतात तयार होऊ लागल्यामुळे किंमत पूर्वीपेक्षा उतरली आहे, तरीही ती शेतकरी कुटुंबाला जड आहे. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागाकडे चौकशी करा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, समजून घ्या.

रिटुक्सिमॅब जमले नाही तर मार्ग खुंटत नाही. आम्ही शिकत होतो त्या काळात, १९८०च्या दशकात, दिल्लीच्या एम्समधील डॉ. जे. एस. पसरिचा यांनी दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सलाइनमधून आणि त्यासोबत सायक्लोफॉस्फमाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देण्याची ‘पल्स’ पद्धत रूढ केली आणि देशभरातील हजारो रुग्ण तिच्यावर बरे झाले. आजही ती वापरली जाते. सायक्लोफॉस्फमाइडने पाळी थांबू शकते आणि लघवीतून रक्त जाऊ शकते, म्हणून त्या दिवसांत पाणी भरपूर प्यावे लागते. अ‍ॅझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्याही आहेत. त्या सावकाश काम करतात आणि रक्ताच्या तपासण्या मागतात.

‘हा आजार जातो का’ याचे उत्तर आकड्यात द्यायचे तर २००० मध्ये प्रसिद्ध झालेला, ४० रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केलेला एक अमेरिकी अभ्यास मला आठवतो. निदानानंतर दोन वर्षांनी त्यांतील २५ टक्के, पाच वर्षांनी ५० टक्के आणि दहा वर्षांनी ७५ टक्के रुग्णांना पूर्ण आणि टिकाऊ आराम पडला होता. तो रिटुक्सिमॅब रूढ होण्यापूर्वीचा काळ होता, आता ही वाटचाल अनेकांत बरीच लवकर होते. ‘गेला तो कायमचा गेला’ असे मात्र मी कोणालाही लिहून देत नाही. बरीच वर्षे स्वच्छ राहिलेल्या रुग्णातही तो उलटू शकतो, पण उलटलेला आजार वेळीच ओळखला तर पहिल्या वेळेपेक्षा कमी औषधात आटोक्यात येतो. भरलेल्या फोडांचे व्रण पडत नाहीत, काळे डाग राहतात आणि तेही हळूहळू फिके होतात. तोंड सर्वांत शेवटी भरते. अंग स्वच्छ झाले आणि तोंड अजून सोलवटलेले आहे म्हणून निराश होऊ नका.

रोजच्या व्यवहारातल्या दोन-तीन गोष्टी कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. या आजारात घासले जाईल तिथे त्वचा सुटते. परकराची घट्ट नाडी कमरेला काचते आणि तिथल्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत; काही काळ सैल गाउन घाला आणि त्यासाठी कोणाची परवानगी विचारत बसू नका. मिशरी लावत असाल तर ती आजपासून बंद. मऊ ब्रश वापरा. ठेचा, कडक भाकरी, आंबट फळे बाजूला ठेवून दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ मेतकूट-भात, कोमट आंबील, गार दूध असे घ्या. पाठीच्या ओल्या जखमांना चादर चिकटत असेल तर तेल पुसलेले स्वच्छ केळीचे पान खाली घ्या. आमच्या वॉर्डात हे वर्षानुवर्षे केले जाई आणि महागड्या ड्रेसिंगला त्याची बरोबरी करता येत नसे, हे मी अनुभवाने सांगतो. मोठा फोड दुखत असेल तर निर्जंतुक सुईने पाणी काढणे परिचारिकेकडून करून घ्या, वरची कातडी मात्र तशीच राहू द्या.

फवारणीविषयी: काही अभ्यासांत पेम्फिगसच्या रुग्णांमध्ये कीटकनाशकांशी संपर्क इतरांपेक्षा अधिक आढळला आहे, परंतु त्यावरून तुमच्या बागेतील औषधानेच आजार झाला असे म्हणता येत नाही, त्याच बागेत फवारणी करणाऱ्या शंभर जणांना तो होत नाही. स्वतःला किंवा यजमानांना दोष देऊ नका. तरीही जखमा उघड्या असेपर्यंत फवारणीच्या दिवशी बागेत जाऊ नका आणि ते कपडे धुऊ नका. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या एकामागोमाग एक सुरू होतात आणि बाईमाणसाला घरात बसणे जमत नाही हे मला ठाऊक आहे, पण हा एक हंगाम सोडा. कडक उन्हानेही फोड भडकू शकतात.

मुलीविषयी निश्चिंत राहा. विशिष्ट जनुके असलेल्यांना हा आजार होण्याची शक्यता थोडी अधिक असते, परंतु आईकडून मुलीला तो झाल्याची उदाहरणे फार विरळ आहेत. तिची कोणतीही तपासणी करायची गरज नाही आणि तिच्या स्थळापुढे हा विषय लपवण्यासारखाही नाही. जाऊबाईंना एवढेच सांगा की हा आजार जंतूंचा नाही. एका ताटात जेवल्याने, एका बिछान्यावर झोपल्याने किंवा फोडातले पाणी हाताला लागल्याने तो कोणालाही होत नाही. त्यांना ते तुमच्या तोंडून पटणार नसेल, तर पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या.

बारशाला जरूर जा आणि बाळाला मांडीवर घ्या. तुमच्यापासून बाळाला काहीच होणार नाही. जाण्यापूर्वी फक्त एक फोन करून त्या घरात कोणाला ताप, खोकला किंवा कांजिण्या नाहीत ना, एवढे विचारून घ्या. कारण गोळ्यांची मात्रा खाली येईपर्यंत धोका त्यांच्याकडून तुम्हाला आहे.